रस्त्यापलीकडची जागा

२०१६ सालच्या एप्रिलमधली ती एक रविवारची सकाळ होती. ब्यूनस आयर्समध्ये शरद ऋतूची पानगळ सुरू झाली होती आणि मी आवेनिदा ला प्लाता नावाच्या रुंद रस्त्याच्या पदपथावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांशेजारी उभा होतो. समोर, रस्त्याच्या पलीकडे, एक अवाढव्य सुपरमार्केट होते. त्याच्या आवारात गाड्या येऊन लागत होत्या, माणसे ढकलगाड्यांत आठवड्याचे सामान भरून बाहेर पडत होती, आणि परक्या माणसाने थांबून पाहावे असे त्या दृश्यात काहीही नव्हते. "तुम्हाला आत जाऊन पाहायचे असेल तर जाऊन या, मी इथेच थांबतो," ते म्हणाले. ते दुकान १९८० च्या दशकात उघडल्यापासून त्यांनी त्याच्या दारात पाऊल ठेवलेले नव्हते. घरातली साखर संपली तरी ते चार चौक पलीकडच्या छोट्या दुकानात जात असत. मीही आत गेलो नाही.

कामानिमित्त पाच आठवडे त्या शहरात राहायचे होते आणि मी या गृहस्थांच्या घरी एक खोली भाड्याने घेतली होती. त्यांनी आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम केले होते. त्यांचे नाव लिहिण्याची परवानगी मी मागितलेली नाही, म्हणून येथे त्यांना आजोबा म्हणतो. मनातल्या मनात मी त्यांना तेच म्हणत होतो. त्यांच्या स्वयंपाकघरात, चहाच्या भांड्यांच्या वरच्या फळीवर, निळ्या आणि तांबड्या रंगांचे सभासदपत्र काचेच्या चौकटीत ठेवलेले होते, आणि मी त्याकडे पाहून क्लबचे नाव उच्चारले तेव्हा भाडेकरू आणि घरमालक हे आमचे नाते तिथेच संपले.

तो क्लब म्हणजे सान लोरेन्सो दे आल्माग्रो. अर्जेंटिनातील पाच मोठ्या फुटबॉल क्लबांत त्याची गणना होते. उरलेले चार म्हणजे बोका ज्युनियर्स, रिव्हर प्लेट, रासिंग आणि इंदिपेंदिएन्ते. माझी त्याच्याशी ओळख मार्च २०१३ मध्ये झाली. अर्जेंटिनाचे होर्खे मारियो बेर्गोलिओ पोप म्हणून निवडले गेले त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी पुष्कळ छापून आले, आणि त्यात एक ओळ अशी होती की नवे पोप एका फुटबॉल क्लबचे वर्गणी भरणारे सभासद आहेत. मला त्या ओळीतील 'वर्गणी' या शब्दाचे कुतूहल वाटले. पुढे कळले की अर्जेंटिनातील क्लब हे बहुतांशी नफ्यासाठी न चालणाऱ्या, सभासदांच्या मालकीच्या संस्था आहेत, अध्यक्ष मतदानाने निवडला जातो, आणि क्लब म्हणजे केवळ अकरा खेळाडू नसून वाचनालय, नृत्याचे वर्ग, पोहण्याचा तलाव, मुलांचे संघ आणि म्हाताऱ्यांचे पत्त्यांचे अड्डे यांचे मिळून बनलेले एक घर असते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांमधली लढत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पेठ आणि संघ यांचे हे रक्ताचे नाते समजावून सांगावे लागणार नाही. ब्यूनस आयर्समध्ये पेठेला बारियो म्हणतात, आणि आजोबांचे बारियो होते बोएदो.

क्लबच्या नावात मात्र शेजारच्या आल्माग्रोचे नाव आहे, कारण जन्म तिथला. १९०८ च्या सुमारास मेहिको आणि त्रेइन्ता इ त्रेस ओरिएन्तालेस या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर काही मुले फुटबॉल खेळत असत. रस्त्यावरून ट्राम जात असे. एकदा खेळण्याच्या नादात त्यांच्यातला एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला आणि ते जवळच्या सान अंतोनियो प्रार्थनामंदिराचे सालेशियन पंथाचे पाद्री लोरेन्सो मास्सा यांनी पाहिले. त्यांनी मुलांना रागावून हाकलून दिले नाही. त्यांनी आपल्या मंदिरामागचे अंगण त्यांना खेळायला देऊ केले आणि एकच अट घातली, की रविवारी प्रार्थनेला यायचे. फेदेरिको मोन्ती आणि अंतोनियो स्कारामुस्सो हे त्या टोळीचे म्होरके होते आणि टोळीचे नाव होते 'लोस फोर्सोसोस दे आल्माग्रो'. १ एप्रिल १९०८ रोजी रीतसर क्लब स्थापन झाला तेव्हा मुलांना त्याला पाद्रीबाबांचे नाव द्यायचे होते. त्यांनी ते नाकारले. शेवटी हुतात्मा संत लोरेन्सो यांचे नाव ठरले आणि १८१३ साली जनरल सान मार्तिन यांनी स्पॅनिश फौजेविरुद्ध जिंकलेल्या सान लोरेन्सोच्या लढाईचे स्मरणही त्यात आपोआप आले. पाद्रीबाबांचे नाव त्यांच्या नकारानंतरही क्लबाला चिकटलेच, फक्त संताच्या आडून.

या कथेत मला महत्त्वाची वाटते ती अंगणाची गोष्ट. या क्लबाच्या मुळाशी करंडक जिंकण्याची ईर्षा नव्हती. मुलांना खेळायला सुरक्षित जागा हवी होती आणि कोणीतरी ती दिली, एवढेच त्याचे मूळ आहे. पुढच्या शतकभरात या क्लबाच्या वाट्याला जे आले, ते सगळे याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

सान लोरेन्सोच्या पाठीराख्यांना 'कुएर्वोस', म्हणजे कावळे, म्हणतात. पाद्रीबाबांच्या काळ्या झग्यावरून प्रतिस्पर्ध्यांनी हिणवण्यासाठी हे नाव पाडले आणि त्यांनी ते अभिमानाने उचलले. आजोबांना मी सांगितले की आमच्याकडे कावळा घरातल्या गेलेल्या माणसांच्या वतीने येतो, त्याच्यासाठी पान वाढून ठेवतात आणि तो शिवेपर्यंत घरची माणसे उपाशी वाट पाहतात. त्यांनी ते दोनदा समजावून घेतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मग तुमच्या लोकांना आम्ही कळू."

१९१५ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि १९१६ मध्ये आवेनिदा ला प्लातावर, सतराशे क्रमांकाच्या आसपास, त्याचे स्वतःचे मैदान उभे राहिले. मैदानाभोवती लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्यांची चढती बाके होती, आणि दुरून ते सगळे शहराच्या गॅस साठवण्याच्या गोल टाकीसारखे दिसे, म्हणून त्याचे नाव पडले गासोमेत्रो. पुढे ते वाढत वाढत देशातले सर्वांत मोठे स्टेडियम झाले आणि लोक त्याला ब्यूनस आयर्सचे वेम्बली म्हणू लागले. १९२९ च्या दक्षिण अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेचे सामनेही तिथे झाले. पण आजोबांच्या बोलण्यात मोठेपणाचा उल्लेख क्वचितच येई. त्यांना आठवे ते लाकूड. हजारो माणसे एकाच तालावर फळ्यांवर पाय आपटू लागली की तो आवाज पायांतून वर चढून छातीत शिरे, आणि लहान मुलाला गर्दीत काही दिसत नसले तरी गोल होणार हे आधी पायांना कळे, असे ते म्हणत. सिमेंटच्या स्टेडियमात गर्जना वरून येते, आमची खालून येत असे, हे त्यांचे वाक्य मी त्याच रात्री लिहून ठेवले.

त्याच आवारात बास्केटबॉल चाले आणि कार्निव्हलच्या दिवसांत तिथे होणाऱ्या नाचाच्या रात्री शहरभर गाजलेल्या होत्या. आजोबांच्या आईवडिलांची गाठ अशाच एका रात्री पडली होती. बोएदो हे कामगारांचे, छापखान्यांचे आणि टँगोचे बारियो. १९२० च्या दशकात गरिबांच्या जगण्याविषयी लिहिणाऱ्या डाव्या विचारांच्या लेखकांचा गट बोएदोच्याच नावाने ओळखला जाई. अशा वस्तीत क्लबचे मैदान रविवारपुरते नसते. आठवड्याचे सातही दिवस माणसे तिथून येत-जात असतात.

१९२३, १९२४ आणि १९२७ ची हौशी काळातील विजेतेपदे, १९३३ चे पहिले व्यावसायिक विजेतेपद, हे सगळे मी वाचले आहे, पण माझे मन रमते ते १९३९ मध्ये. त्या वर्षी काही बास्क तरुण या क्लबात आले. स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात बास्क प्रांताचा एक संघ आपल्या लोकांची बाजू जगापुढे मांडण्यासाठी परदेशात सामने खेळत फिरत होता. इकडे प्रांत पडला, तिकडे युद्ध हरले, आणि त्या खेळाडूंना परतायला घर उरले नाही. त्यांच्यापैकी इसिद्रो लांगारा आणि आंखेल सुबिएता यांना सान लोरेन्सोने आपलेसे केले. लांगाराने गासोमेत्रोवरच्या आपल्या पहिल्याच सामन्यात रिव्हर प्लेटविरुद्ध चार गोल केले. बेघर झालेल्या माणसाने परक्या वस्तीच्या लाकडी मैदानावर पहिल्याच दिवशी असे उतरावे आणि त्या वस्तीने त्याला त्याच संध्याकाळपासून आपला म्हणावे, या घटनेत मला त्या बारियोचा सगळा स्वभाव दिसतो.

सुबिएता १९४६ च्या विजेत्या संघातही होता. त्या संघाच्या आघाडीच्या फळीतील आर्मांदो फार्रो, रेने पोंतोनी आणि रिनाल्दो मार्तिनो या तिघांना 'सोन्याचे त्रिकूट' म्हणत. विजेतेपदानंतर हा संघ स्पेन आणि पोर्तुगालच्या दौऱ्यावर गेला. स्पेनच्या निवडक संघाला त्यांनी ७-५ आणि ६-१ असे हरवले, पोर्तुगालच्या निवडक संघावर १०-४ असा विजय मिळवला. रिअल माद्रिदकडून मात्र ते हरले. छोटे छोटे पास, चेंडू जमिनीलगत, आणि पाच आघाडीपटूंची सतत चाललेली जागांची अदलाबदल, असा त्यांचा खेळ होता, आणि स्पेनमधल्या जुन्या माणसांच्या आठवणीत तो हिवाळा पुढची कित्येक वर्षे राहिला.

त्या १९४६ च्या हंगामात गासोमेत्रोवर येणाऱ्या मुलांमध्ये फ्लोरेस वस्तीतला नऊ वर्षांचा होर्खे बेर्गोलिओ होता. त्याचे वडील याच क्लबात बास्केटबॉल खेळलेले होते. त्या वर्षीचे जवळजवळ सगळे सामने आपण पाहिले, असे पुढे पोप फ्रान्सिस यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांचा सभासद क्रमांक होता ८८२३५. एप्रिल २०२५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय ८८ होते आणि अर्जेंटिनाच्या घड्याळात पहाटेचे २ वाजून ३५ मिनिटे झाली होती. योगायोगांत अर्थ शोधण्याची मला सवय नाही, पण ती बातमी वाचल्यावर मी बराच वेळ ते पाच आकडे पाहत बसलो. आजोबा त्यांच्याहून सव्वा वर्षाने लहान. त्याच लाकडी बाकांवर, कदाचित हाताच्या अंतरावर, ते दोघे कधी उभे असतील, आणि आजोबांना या कल्पनेचा आनंद पोपच्या निवडीपेक्षाही जास्त झाला होता.

१९६० च्या दशकाविषयी मला बरेच लिहिता येईल. मी एकाच माणसाविषयी लिहितो. १९६४ च्या तरुण संघाला 'कारासुसियास', म्हणजे मळक्या तोंडाची पोरे, म्हणत. त्यात व्हिक्तोरियो कासा नावाचा डाव्या बाजूचा आघाडीपटू होता. १९६५ मध्ये नौदलाच्या एका शाळेजवळ गाडीत बसलेला असताना पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्याचा एक हात कापावा लागला. बरा झाल्यावर तो पुन्हा मैदानात उतरला आणि एका हाताने खेळला. नौदलाची ती शाळा पुढे लष्करी हुकूमशाहीच्या काळात छळछावणी म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाली. कासाची गोष्ट सांगताना आजोबा तिथे थांबले आणि त्यांनी मला शाळेचे नाव दोनदा सांगितले.

१९६८ मध्ये ब्राझीलचे प्रशिक्षक तिम यांच्या हाताखाली सान लोरेन्सोने एकही सामना न हरता मेत्रोपोलितानो स्पर्धा जिंकली. अर्जेंटिनाच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे कोणी आधी केलेले नव्हते. त्या संघाचे नाव 'लोस मातादोरेस'. १९७२ मध्ये तर वर्षातल्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच क्लबाने जिंकण्याचा पहिला मान त्यांनी मिळवला आणि १९७४ मध्ये आणखी एक विजेतेपद आले. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही मोठ्या क्लबाची असू शकते. पुढची नाही.

मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. शहराचा कारभार हवाई दलाचे अधिकारी ओस्वाल्दो काच्चातोरे यांच्याकडे आला. त्यांच्या डोक्यात शहराचा एक नकाशा होता, आणि त्यात जे बसत नव्हते ते हलवले गेले. गरिबांच्या झोपडवस्त्या उठवल्या गेल्या, जुनी घरे पाडून बोएदोच्या अंगावरून उंच द्रुतगती महामार्ग नेण्यात आला. लाकडी बाकांचे जुने मैदानही त्या नकाशात बसत नव्हते. १९७८ च्या विश्वचषकासाठी सरकारी पैशातून इतर स्टेडियमे सजवली गेली. गासोमेत्रोच्या वाट्याला काहीच आले नाही. त्या जागेतून रस्ते काढायचे आहेत, घरे बांधायची आहेत, असे क्लबाला सांगण्यात आले. क्लब त्या वेळी कर्जात बुडालेला होता आणि त्याचा कारभारही चांगला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण माणसे रात्रीतून नाहीशी होत होती अशा त्या वर्षांत गणवेशातल्या अधिकाऱ्याने पुढे केलेल्या कागदावर सही करायला नकार देणे म्हणजे काय, हेही लक्षात घेतले पाहिजे.

२ डिसेंबर १९७९ रोजी बोका ज्युनियर्सविरुद्ध तिथला शेवटचा अधिकृत सामना झाला आणि तो ०-० असा सुटला. कोणाचाही गोल झाला नाही. हा शेवटचा सामना आहे हे त्या दिवशी प्रेक्षकांना नीट ठाऊकही नव्हते. आजोबा मुलाला घेऊन गेले होते आणि गोल न झाल्यामुळे कंटाळलेल्या मुलाला त्यांनी सामना संपण्याआधी दहा मिनिटे घरी आणले होते. त्या दहा मिनिटांविषयी ते माझ्याशी तीन वेगवेगळ्या दिवशी बोलले.

जागा विकली गेली, बाके उतरवली गेली, फळ्या गेल्या. रस्ते निघाले नाहीत, घरेही झाली नाहीत. काही वर्षांत ती जमीन कितीतरी पटींनी जास्त किमतीला कार्फूर या फ्रेंच कंपनीकडे गेली आणि तिथे सुपरमार्केट उभे राहिले.

मैदान गेलेला क्लब भाड्याच्या मैदानांवर खेळू लागला आणि १५ ऑगस्ट १९८१ रोजी, फेर्रो कार्रिल ओएस्ते या क्लबाच्या मैदानावर, त्याचा तोल गेला. पहिल्या श्रेणीत टिकायला आर्खेन्तिनोस ज्युनियर्सविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. सान लोरेन्सोला मिळालेली पेनल्टी वाया गेली, विरुद्ध बाजूची गोलात गेली, ०-१. पाच मोठ्यांपैकी खालच्या श्रेणीत घसरणारा तो पहिला क्लब ठरला.

आता जे घडले त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. १९८२ चा पूर्ण हंगाम सान लोरेन्सो दुसऱ्या श्रेणीत खेळला. ते माल्विनास, म्हणजे फॉकलंड, युद्धाचेही वर्ष होते. हुकूमशाहीचा धाक अजून उतरलेला नव्हता, क्लबाजवळ मैदान नव्हते, पैसे नव्हते, पहिली श्रेणीही नव्हती. आणि दर शनिवारी माणसे येत राहिली. आज या क्लबाचे मैदान भाड्याने घेतलेले, उद्या त्या क्लबाचे, आणि ज्या छोट्या संघांनी आपल्या सामन्याला कधी काही हजारांपेक्षा जास्त गर्दी पाहिली नव्हती, ते सान लोरेन्सोविरुद्ध खचाखच भरलेल्या स्टेडियमात उतरू लागले. रिव्हर प्लेटचे प्रचंड मोनुमेंताल स्टेडियम दुसऱ्या श्रेणीच्या सामन्याला तुडुंब भरले. त्या हंगामात पहिल्या श्रेणीतल्या क्लबांनाही असा लोंढा मिळाला नाही. वर्षअखेर संघ विजेता ठरून वर आला.

मी आजोबांना विचारले, की घसरलेल्या संघासाठी लोक आधीपेक्षा जास्त संख्येने का आले. त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. भेटायला दुसरी जागा उरली नव्हती, असे ते म्हणाले. नाचाचे दालन गेले, पत्त्यांचे अड्डे गेले, रविवारचा तो रस्ता गेला. आठवड्यातून एकदा कुठल्यातरी परक्या मैदानावर बोएदोची माणसे एकमेकांना दिसत, कोण आले आणि कोण आले नाही हे पाहत, आणि त्या वर्षांत कोण आले नाही हे पाहण्याला फार अर्थ होता.

परक्या मैदानांवरची ही भटकंती चौदा वर्षे चालली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातला संघ मानधन थकलेले, सरावाची धड सोय नाही अशा अवस्थेत जिद्दीने खेळे. त्या खेळाडूंना 'कांबोयानोस', कंबोडियाचे लढवय्ये, असे नाव पडले. अखेर १६ डिसेंबर १९९३ रोजी बाखो फ्लोरेस भागात नवे स्टेडियम उघडले. त्याला क्लबचे जुने अध्यक्ष पेद्रो बिदेगाइन यांचे नाव दिले, पण लोक त्याला नवे गासोमेत्रो म्हणतात. १९९५ मध्ये, शेवटच्या दिवशी, रोसारियोत एस्तेबान गोन्सालेसच्या गोलावर १-० असा सामना जिंकून एकवीस वर्षांनी लीगचे विजेतेपद आले. आजोबांनी नव्या स्टेडियमविषयी कधी वाईट शब्द काढला नाही. पडत्या काळात ज्याने छप्पर दिले त्याला नावे ठेवू नयेत, असे त्यांचे मत होते. मात्र घर कोणते, असे विचारले की ते नेहमी उत्तरेकडे, आवेनिदा ला प्लाताकडे, बोट दाखवत.

२००० साली क्लबची व्यावसायिक सूत्रे आयएसएल या स्विस कंपनीच्या हाती सोपवण्याचा करार पुढे आला. ३० नोव्हेंबर रोजी तो मंजूर करण्याची बैठक होती. सभासद आवेनिदा ला प्लातावरच्या कार्यालयासमोर हजारोंनी जमले, पोलिसांच्या लाठ्या आणि रबरी गोळ्या खाल्ल्या, पण बैठक होऊ दिली नाही. पुढच्या वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि सान लोरेन्सोने मानुएल पेय्येग्रिनी यांच्या प्रशिक्षणाखाली १९ सामन्यांत ४७ गुण मिळवून क्लाउसुरा स्पर्धा जिंकली. ३० नोव्हेंबर हा दिवस आता या क्लबाच्या पाठीराख्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. एखाद्या क्लबाने आपला वर्षाचा सण म्हणून करंडकाचा दिवस न निवडता सभासदांनी एक करार अडवला तो दिवस निवडावा, याचे मला फार मोल वाटते.

एकदा अडवता येते हे कळल्यावर परत मिळवण्याची भाषा सुरू झाली. 'बोएदोला परत' ही घोषणा आधी काही मोजक्या हट्टी माणसांची होती. क्लबचे इतिहासकार आदोल्फो रेस आणि त्यांचे सोबती जुनी कागदपत्रे घेऊन नगर विधिमंडळाच्या पायऱ्या चढत होते आणि लोक त्यांना स्वप्नाळू म्हणत होते. त्यांचे म्हणणे साधे होते: हुकूमशाहीने जे धाकाने घेतले ते लोकशाहीने परत द्यावे, जमिनीचे पैसे आम्ही उभे करू. ८ मार्च २०१२ रोजी प्लासा दे मायोवर मोर्चा गेला. लाखभर माणसे होती असे सांगतात. संघ त्या वेळी पुन्हा घसरणीच्या काठावर होता आणि काही महिन्यांनी जेमतेम वाचला. मैदानावर हरणारा क्लब रस्त्यावर इतकी माणसे आणतो, हे १९८२ नंतर दुसऱ्यांदा घडत होते. १५ नोव्हेंबर २०१२ रोजी नगर विधिमंडळाने ऐतिहासिक परतफेडीचा कायदा, क्रमांक ४३८४, एकही मत विरोधात न पडता मंजूर केला. जमिनीच्या खरेदीसाठी पाठीराख्यांनी चौरस मीटरच्या हिशेबाने पैसे भरले. आजोबांनी निवृत्तिवेतनातून एक चौरस मीटर घेतला होता आणि त्याचे प्रमाणपत्र नातीच्या नावावर केले होते. ते मी पाहिले. त्यातली अक्षरे कशी जुळवली आहेत यावर त्यांनी आधी टीका केली आणि मग ते काळजीपूर्वक पाकिटात परत ठेवले.

२०१४ च्या कोपा लिबेर्तादोरेसविषयी लिहायला हवे, कारण दक्षिण अमेरिकेतला हा सर्वांत मोठा करंडक पाच मोठ्यांपैकी फक्त सान लोरेन्सोजवळ नव्हता, आणि क्लबच्या नावाच्या आद्याक्षरांचा अर्थ प्रतिस्पर्धी 'लिबेर्तादोरेस नसलेला क्लब' असा लावत. १३ ऑगस्टच्या त्या रात्री, म्हणजे आपल्याकडे १४ ऑगस्टच्या पहाटे, मी घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून लॅपटॉपसमोर बसलो होतो. पॅराग्वेच्या नासिओनालविरुद्ध नेस्तोर ओर्तिगोसाने पेनल्टीवर गोल केला आणि एदगार्दो बाउसा यांच्या संघाने तो १-० सांभाळला. बाहेर उजाडत होते. तेव्हा मी आजोबांना ओळखतही नव्हतो. आठवडाभरात करंडक व्हॅटिकनला पोपना दाखवायला नेला गेला, आणि ते छायाचित्र पाहताना मला १९४६ मधला तो नऊ वर्षांचा मुलगा दिसत होता.

२०१६ च्या त्या रविवारी आम्ही पदपथावर सुमारे पाऊण तास होतो. परतताना बोएदोच्या भिंती पाहिल्या. निळे-तांबडे रंग, जुन्या खेळाडूंचे चेहरे, पाद्रीबाबांचे चित्र, आणि अनेक ठिकाणी एकच वाक्य, की आम्ही परत येऊ. मी भारतात आल्यावर त्यांच्या नातीमार्फत आमचा संपर्क राहिला. सणासुदीला निरोप, सामन्यांनंतर दोन ओळी.

२०१९ हे वर्ष क्लबासाठी दोन प्रकारे मोठे ठरले. एप्रिलमध्ये सान लोरेन्सोच्या पंधरा महिला खेळाडूंनी करारांवर सह्या केल्या. अर्जेंटिनाच्या महिला फुटबॉलमधले ते पहिले व्यावसायिक करार होते. आणि त्याच वर्षी आवेनिदा ला प्लातावरची जागा क्लबाच्या ताब्यात परत आली. सुपरमार्केट बंद झाले, माणसे निळे-तांबडे झेंडे घेऊन जमली. नव्या स्टेडियमला पोप फ्रान्सिस यांचे नाव द्यायचे ठरलेले आहे, पण त्या दिवशी तिथे स्टेडियम नव्हते. दुकानाची इमारत आणि गाड्या लावण्याचे आवार तेवढे होते.

आजोबांच्या नातीने मला एक लहानसे चलच्चित्र पाठवले. त्यात गर्दी, ढोल आणि फटाक्यांचा धूर आहे, आणि मधोमध, आम्ही जिथे उभे होतो त्याच पदपथावर, एक्क्याऐंशी वर्षांचे आजोबा गळ्यात पट्टा गुंडाळून वाहने थांबण्याची वाट पाहत आहेत. रस्ता तसा रिकामाच आहे, लोक केव्हाच सगळीकडून पलीकडे गेले आहेत, तरी ते दिव्याकडे पाहत थांबलेले आहेत. दिवा हिरवा होतो. ते नातीचा हात बाजूला करतात, पदपथावरून खाली उतरतात आणि रस्ता ओलांडतात. फाटकाशी पोहोचल्यावर ते थांबून उजवा पाय उचलतात आणि सिमेंटच्या जमिनीवर दोनदा, जोरात, आपटतात.